उडालेली स्प्रिंग, मोडलेला बफर: हरवलेल्या भागाचं माप त्याच्या जागेवरच घ्या

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मामांनी तुम्हाला आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं एचओ मापाचं, म्हणजे १:८७ आकाराचं, मॉडेल दिलं. खालची चासी अमेरिकन कारखान्यातली, वरचा सांगाडा आपल्याकडच्या कुणा हौशी कारागिराने हाताने केलेला. पुढचा कपलर, म्हणजे डबा जोडणारा आकडा, उघडताना त्यातली केसाहून जरा जाड तारेची स्प्रिंग टुणकन उडाली. खोलीत मोझॅकची फरशी, मे महिना, कूलर जोरात सुरू. शोधाशोध करताना इंजिन टेबलावर आडवं झालं, त्यात पुढचा डावा बफर, म्हणजे टोकाला धक्का झेलणारी गोल चकती, तुटून गायब झाला आणि बाजूच्या हँडरेलचा तुकडाही गेला. कपलरच्या डबीचा स्क्रूही सापडेना. मग ऑनलाइन मिश्र स्प्रिंगांचं पाकीट मागवून त्यातली एक कापून बसवली, तर आता डबे जोडताना इंजिनाचा धक्का लागून डबाच रुळावरून उतरतो. तुम्ही विचारता, हे भाग नागपुरात कुठं मिळतील, की हे इंजिन आता नुसतं काचेच्या कपाटात ठेवायचं?

कपाटात ठेवायची वेळ आलेली नाही. पण "कुठं मिळेल" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की जे हरवलं ते नेमकं काय होतं. तुकडा हरवला तरी त्याची जागा हरवत नाही. ज्या भोकात तो बसत होता ते भोक, ज्या खुंटीवर चढत होता ती खुंटी आणि बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूला असलेला त्याचा जोडीदार, हे सगळं तुमच्या हातात आहे. माप तिथून घ्यायचं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मॉडेलांमध्ये मूळ भाग हरवल्यामुळे झालेलं नुकसान कमी असतं. अंदाजाने भलताच भाग ठोकून बसवल्याचं नुकसान त्याहून कितीतरी जास्त असतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट. हरवलेली स्प्रिंग आणि स्क्रू कुठं आहेत याची खात्री होईपर्यंत इंजिन रुळावर चालवू नका. तुम्ही ते फरशीवर शोधताय, पण धातूचा तुकडा इंजिनाच्या आतही गेलेला असू शकतो. मोटरमध्ये चुंबक असतो, आवाजाचं मॉडेल असेल तर स्पीकरमध्येही असतो. स्टीलचा स्क्रू उडाला की फरशीच्या आधी चुंबकाकडे ओढला जातो. दातेरी चक्रात अडकला तर दात खाऊन टाकतो, आणि डीसीसीचा, म्हणजे डिजिटल नियंत्रणाचा, डिकोडर असेल तर सर्किटच्या दोन टोकांमध्ये आडवा पडून तो क्षणात जाळू शकतो. म्हणून सांगाडा काढा, चासी उलटी करून पांढऱ्या कागदावर हलकेच ठोका, बोगीच्या, म्हणजे चाकं धरणाऱ्या चौकटीच्या, खालची झाकणं उघडा आणि मोटरच्या चुंबकाभोवती भिंगातून पाहा. मी शोधाची सुरुवात नेहमी इथूनच करतो आणि निम्मे "हरवलेले" स्क्रू इथंच भेटतात.

दुसरी काळजी मुलीची. तुम्ही लिहिलंय की घरात दोन वर्षांची मुलगी आहे आणि ती त्याच खोलीत खेळते. स्प्रिंग किंवा स्क्रू तोंडात जाणं वाईटच, पण काही कपलरांमध्ये आणि छंदाच्या हत्यारांमध्ये निओडायमियमचे इवलेसे चुंबक असतात, ते फार धोक्याचे. एकापेक्षा जास्त चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांना चिमटीत पकडून भोक पाडू शकतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा. खोली नीट झाडून होईपर्यंत तिला तिथं खेळू देऊ नका.

आता फरशीवरचा शोध. मोझॅक ही या कामासाठी सगळ्यात वाईट फरशी, कारण त्यात काळ्या, पांढऱ्या, विटकरी दाण्यांची आधीच गर्दी असते आणि बफर किंवा स्प्रिंग त्यात एक दाणा होऊन बसते. उभं राहून खाली पाहिलं तर काही दिसणार नाही. कूलर आणि पंखा बंद करा, खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा आणि गालही जवळजवळ फरशीला लावा. दाणे फरशीच्या पातळीत घासलेले असतात, त्यांची सावली पडत नाही. वर पडलेल्या वस्तूची लांब सावली पडते, म्हणजे आपण सावली शोधायची. टेबलाजवळून सुरुवात करून भिंतीकडे जा. स्प्रिंग हलकी असली तरी उसळ्या मारते, त्यामुळे भिंतीच्या कडेची खाच आणि कपाटाखालची जागा सोडू नका. आपल्याकडच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर वीज चढते. बफरसारखे हलके तुकडे पॅन्टच्या मोहरीला, खुर्चीच्या गादीला किंवा प्लॅस्टिकच्या डबीच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेले सापडतात. तेही पाहा.

मग केर काढा, पण मऊ कुंच्याने, हळू, आणि तो केर फेकू नका. इतवारीच्या सराफ्यात दुकानाची झाडलोट कुणी वाऱ्यावर सोडत नाही, ती झारेकऱ्याकडे जाते आणि तो त्या मातीतून सोन्याचे कण धुऊन काढतो. तुमचा केर त्याच मोलाचा समजा. पांढऱ्या कागदावर पसरून चिमट्याने निवडा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर नायलॉनचा पातळ मोजा रबराने बांधा, म्हणजे खेचलेलं सगळं मोज्यातच अडकेल. चुंबक फिरवायचा तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, पिशवी उलटी केली की चिकटलेलं सुटून पडतं. मात्र चुंबकाला काही मिळालं नाही म्हणून शोध थांबवू नका. फॉस्फर ब्राँझ आणि पितळेचे भाग चुंबकाला दाद देत नाहीत.

यातून काही मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर पुढं वाचा.

तुमचं मॉडेल दोन घरांचं आहे, आणि तुमचा गोंधळ इथूनच सुरू होतो. खऱ्या डब्ल्यूडीएम-२ चा आराखडा अमेरिकेच्या आल्को कंपनीचा. पहिली इंजिनं १९६२ मध्ये तिकडून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. त्यामुळे आपल्याकडचे हौशी लोक आल्कोच्याच एखाद्या अमेरिकन मॉडेलची चासी घेतात आणि तिच्यावर भारतीय सांगाडा चढवतात. अमेरिकन गाड्यांना बाजूचे बफर नसतात, म्हणून तुमचे बफर कारखान्याचे असूच शकत नाहीत, ते कारागिराने स्वतः केलेले किंवा दुसरीकडून आणून लावलेले आहेत. हँडरेलचंही तसंच. याउलट कपलर, त्याची डबी, स्क्रू, बोग्या, चाकं हे सगळं कारखान्याचं. कारखान्याच्या भागांचा सुटे भाग दाखवणारा नकाशा असतो, प्रत्येकाला नंबर असतो, आणि तो नंबर सांगून भाग मागवता येतो. कारागिराच्या भागांना नंबर नाही. ते परत बनवायचे असतात. हरवलेल्या प्रत्येक भागाबद्दल आधी विचारा, हा कोणत्या घरचा? तुम्ही बफर शोधत कारखान्याच्या यादीत फिरलात आणि स्प्रिंग मात्र अंदाजाने आणलीत. व्हायला हवं होतं नेमकं उलटं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण चाकं मागवताना ती लागेल. एचओ म्हणजे १:८७. रुळांतलं अंतर १६.५ मिमी, ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी रुळांना ८७ ने भागून आलेलं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, त्याला ८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतात. म्हणजे तुमचं इंजिन वरून भारतीय आणि खालून परदेशी रुळाचं आहे. त्यात वाईट काही नाही, बहुतेक सगळी भारतीय एचओ मॉडेलं अशीच असतात. पण चाकांची जोडी लागली तर ती १६.५ मिमीचीच मागवायची आणि दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर साधारण १४.४ मिमी आहे का ते कॅलिपरने पाहायचं.

आता स्प्रिंगकडे येतो, कारण खरं दुखणं तिथं आहे. तुमच्या फोटोवरून कपलर केडी या अमेरिकन कंपनीच्या ५ नंबरच्या जातीचा दिसतो. त्याची मूठ, म्हणजे बोटासारखा वळणारा भाग, बंद ठेवायचं काम ती बारीक स्प्रिंग करते. डबा येऊन टेकला की मूठ थोडी उघडते, डब्याची मूठ आत शिरते आणि स्प्रिंग दोघींना परत मिटवते. हे सगळं अगदी हलक्या दाबावर व्हायला हवं, कारण एचओचा डबाच मुळात हलका. तुम्ही बसवलेली स्प्रिंग लांबीला बरोबर आहे, बाहेरून जाडीलाही जवळपास तेवढीच दिसते, मग बिघडलं कुठं? तारेच्या जाडीत. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी सगळं सारखं ठेवून तार फक्त एक दशांशाने जाड केली तरी स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते, आणि तार दुप्पट जाड केली तर सोळापट. शिवाय कापून वेढे कमी केले की ताठपणा आणखी वाढतो. म्हणून तुमची मूठ उघडतच नाही, तिचा धक्का सरळ डब्याला बसतो आणि डबा रुळावरून उतरतो. मिश्र पाकिटातून नशिबाने जुळणारी स्प्रिंग निघेल या आशेवर आणखी वेळ घालवू नका.

केडीच्या मुठीच्या स्प्रिंगा वेगळ्या पाकिटात मिळतात, त्याच घ्या. त्याहून बरं म्हणजे पुढचे-मागचे दोन्ही कपलरच बदला आणि ५ ऐवजी १४८ नंबरचे घ्या. ५ नंबरमध्ये कपलर मध्यावर ठेवायला डबीत ब्राँझची एक वेगळी पातळ पट्टी असते आणि डबी उघडली की तीही निसटते. १४८ मध्ये त्याच कामासाठी कपलरच्याच दांड्याला दोन मिशा असतात, म्हणजे हरवायला एक भाग कमी. मुठीची बारीक स्प्रिंग मात्र १४८ लाही असते, तिच्यापासून सुटका नाही. युरोपियन चासीला बहुतेकदा एनईएम ३६२ या ठरलेल्या मापाचा खिसा असतो आणि कपलर नुसता आत सारून बसतो. तुमची चासी अमेरिकन आहे, त्यामुळे इथं तो प्रश्न नाही. नवा कपलर बसवल्यावर उंची तपासा, दोन मुठी वरखाली राहिल्या तर चढावर डबे सुटतात. त्यासाठी उंचीचं मापक मिळतं. ते नसेल तर ज्या डब्याचा कपलर नीट चालतो तो समोर उभा करून डोळा रुळाच्या पातळीवर आणून पाहिलं तरी कळतं. खाली लोंबणारी वाकडी पिन रुळाला किंवा सांध्याला घासत नाही हेही बघा.

स्प्रिंग बसवायची कशी, हे हाताशी बसून दाखवायचं काम आहे, तरी लिहितो. एक पारदर्शक, मोठी, झिपवाली पिशवी घ्या. कपलर, स्प्रिंग आणि दोन्ही हात पिशवीत घाला, काम आतच करा. त्याआधी स्प्रिंगमधून उजळ रंगाचा शिवणाचा धागा ओवून घ्या. उडाली तरी शेपटीसकट उडेल आणि दिसेल. कपलरच्या डोक्यावर एक आणि मुठीवर एक अशा दोन बारीक खुंट्या समोरासमोर असतात. टोकदार ब्लेडचं टोक स्प्रिंगच्या एका टोकाजवळच्या वेढ्यांमध्ये हलकेच खुपसा म्हणजे स्प्रिंग ब्लेडवर तोलून राहते. मोकळं टोक एका खुंटीवर चढवा, ब्लेडनेच थोडं दाबा, दुसरं टोक दुसऱ्या खुंटीसमोर आणून सोडा. ब्लेड सरळ मागं न खेचता किंचित पिळून बाहेर काढा. मग धागा एका बाजूने ओढून घ्या. चिमट्याने स्प्रिंग दाबून धरायचा मोह होतो, पण नको. चिमट्याची टोकं जास्त दाबली की ती एकमेकांवरून सरकतात आणि त्याच क्षणी स्प्रिंग बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

आता स्क्रू. अमेरिकन चासीवर कपलरच्या डबीला बहुधा २-५६ जातीचा स्क्रू असतो. त्याचा व्यास २.१८ मिमी आणि एका इंचात ५६ पेर (आटे), म्हणजे दोन पेरांमध्ये ०.४५ मिमी. आपल्याकडे लॅपटॉपमधून निघणारा स्क्रू बहुधा एम-२ असतो, त्याचा व्यास २ मिमी आणि पेरांमधलं अंतर ०.४ मिमी. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. २-५६ च्या भोकात एम-२ गेला तर आत जातो, पण पकडत नाही, डबी सैल राहते आणि कपलर झुकतो. एम-२ च्या भोकात २-५६ पिळला तर आतली पेरं कापून टाकतो आणि मग कोणताच स्क्रू बसत नाही. म्हणून मागच्या कपलरचा स्क्रू काढून पुढच्या भोकात बोटाने फिरवून पाहा. स्क्रूड्रायव्हर अजिबात न लावता तो अर्ध्यापर्यंत गेला, तर दोन्ही एकाच जातीचे. मग तोच नमुना घेऊन सीताबर्डीच्या बाजारात जा, मोबाईल, लॅपटॉप आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांकडे जुन्या स्क्रूंच्या डब्या भरलेल्या असतात. पण २-५६ तिथं मिळण्याची शक्यता कमी आहे, तो कपलरांबरोबरच मागवलेला बरा. आणि चासीचं भोक प्लॅस्टिकचं असेल तर जुन्याच पेरांवर नवा स्क्रू बसवायला एक युक्ती आहे: स्क्रू आधी उलटा, सैल करायच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवा. टक असा बारीकसा धक्का जाणवला की पेर जुळलं, तिथून सरळ पिळा.

आत्तापर्यंतचं थोडक्यात: स्प्रिंग आणि स्क्रू हे चालणारे भाग आहेत, कारखान्याचे आहेत, तिथं अंदाज चालत नाही, नंबर पाहून मागवायचे. बफर आणि हँडरेल दिसणारे भाग आहेत, कारागिराचे आहेत, ते इथंच बनवू.

बफरचं काम मला स्वतःला सगळ्यात आवडतं. तुमच्याकडे उजवा बफर शाबूत आहे आणि मागचे दोन्ही आहेत. त्यातला सर्वांत नीटस निवडा. बफर गोल, त्यामुळे डावा-उजवा असा फरक नसतो, पण चकतीची एक कड सपाट असेल तर बसवताना दिशा पाहा. दातांच्या डॉक्टरांना ठसा घ्यायला लागणारी दोन डब्यांची सिलिकॉन पुट्टी दातांच्या सामानाच्या दुकानात मिळते. दोन्ही सारख्या प्रमाणात मळा, गोळा करा आणि बफर इंजिनावर असतानाच त्यावर अलगद दाबा. काही मिनिटांत ती रबरासारखी होते. पुट्टी मळताना लेटेक्सचे हातमोजे घालू नका, लेटेक्समधल्या गंधकामुळे या जातीची पुट्टी सेट होत नाही, चिकट राहते. हात धुऊन उघड्या हातांनी मळा किंवा नायट्रिल मोजे घाला. ठसा सोडवला की त्यात दोन भागांचं इपॉक्सी भरा. आधी टाचणीच्या टोकाने थेंबभर कोपऱ्यात पोचवा म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत, मग बाकीचं. सिलिकॉनला इपॉक्सी चिकटत नाही, तेल-व्हॅसलीनची गरज नाही. इपॉक्सी ओलं असतानाच मागून मधोमध पितळी तारेचा छोटा तुकडा खोचा, तीच पुढं खुंटी होते. इंजिनाच्या बफर बीमवर, म्हणजे बफर लावलेल्या आडव्या पट्टीवर, जिथून जुना तुटला तिथं तेवढंच भोक हाताच्या ड्रिलने पाडा. असा तारेवर बसलेला बफर नुसत्या डिंकावर चिकटवलेल्यापेक्षा खूप टिकतो. डिंकाचा जोड पहिल्याच धक्क्याला सुटतो, आणि बफर म्हणजे धक्क्याचीच जागा.

उंची कशी ठरवायची? खऱ्या ब्रॉडगेजवर रुळापासून बफरच्या मध्यापर्यंतची उंची जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि कमीत कमी १०३० मिमी धरतात. ८७ ने भागलं तर १२.७ आणि ११.८ मिमी. पण तुमच्या मॉडेलवर शाबूत बफर आहे, तर आकडेमोडीपेक्षा त्याच्याशी जुळवा. समोरून पाहणाऱ्याला पुस्तकातला आकडा दिसत नाही, दोन बफर वरखाली आहेत एवढं लगेच दिसतं.

हल्ली रेझिनच्या थ्रीडी प्रिंटचा पर्यायही आहे. ०.०५ मिमीच्या थरांत छापून घेतलं तर बफर, हॉर्न, पायऱ्या सुंदर येतात, आणि एकदा संगणकावर आकृती झाली की हवे तेवढे काढता येतात. पण साधं रेझिन ठिसूळ असतं. दिसणाऱ्या भागांना चालेल, कपलर आणि दातेरी चक्रांना नको. एकच बफर हवा असेल तर मी साचाच करीन. दहा इंजिनं असतील तर छापून घेईन.

हँडरेलसाठी तार. खऱ्या इंजिनावरचा पाइप साधारण ३४-३५ मिमीचा धरला तर १:८७ मध्ये ०.४ मिमी येतो. तुमच्याकडे उरलेला तुकडा आहे, तो कॅलिपरने मोजा, कारागिराने कदाचित दुसरं माप घेतलं असेल आणि दोन बाजू सारख्या दिसणं महत्त्वाचं. पितळी तार सराफ्यात कुणाही कारागिराकडून जंतरातून ओढून हव्या त्या मापाची करून घेता येते. तो जंतराच्या एकेका बारीक होत जाणाऱ्या भोकातून तार ओढत जातो आणि मापाला येऊन थांबतो. ओढलेली तार कडक असते, म्हणून वाकवायच्या जागी आधी मंद आचेवर लालसर करून मऊ करून घ्यावी, बाकीची सरळ लांबी कडकच ठेवावी. अगदी सरळ, न वाकवता बसवायची लांब हँडरेल असेल तर गिटारची साधी तार चांगली. ०.०१६ इंचाची घेतली तर ०.४ मिमी भरते. पण ती स्टीलची, पावसाळ्यात गंजते, म्हणून आधी प्रायमर. मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात गेलात तर खऱ्या इंजिनांवर हँडरेल कशा धरून ठेवतात ते जवळून बघा. पाइप सांगाड्याला चिकटलेला नसतो, ठरावीक अंतरावरच्या खुंट्यांवर थोडा बाहेर उभा असतो. ती फट मॉडेलवर ठेवली की तुकडा नवा आहे हे कुणाला कळतही नाही.

डिंकाबद्दल एक इशारा. फेविक्विकसारख्या झटपट डिंकाची वाफ खिडकीच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. कॅबजवळ तो वापरू नका. काचा बसवायला पांढरा फेविकॉल पुरतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. कारखान्याच्या काही हँडरेल आणि चक्रं ॲसिटल जातीच्या प्लॅस्टिकची असतात, त्यांना कोणताच साधा डिंक धरत नाही. तिथं जोडायच्या भानगडीत न पडता भागच बदला.

तुम्ही विचारलं नाही, पण इंजिन उघडलंच आहे तर आसांवरची प्लॅस्टिकची चक्रंही भिंगातून पाहून घ्या. जुन्या चासीत आस चक्राला आतून सतत ताणत असतो आणि वर्षांनी चक्राला केसाएवढी चीर पडते. चालताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टिक असा आवाज येत असेल तर चीर आहे समजा. ते चक्रही याच पार्सलमध्ये मागवून टाका.

पुन्हा असं होऊ नये म्हणून कामाची जागा बदला, यात सगळ्यात कमी खर्च आणि सगळ्यात जास्त फायदा आहे. सोनार बाकाखाली मांडीवर चामडं ताणून बसतो, म्हणजे पडलेलं सगळं त्यातच येतं. तुम्ही जुन्या ओढणीची दोन टोकं टेबलाच्या कडेला टाचून तिसरं टोक कंबरेत खोचा. टेबलावर घरातली मोठी परात ठेवा, तिच्यात फिक्या रंगाचं मऊ सुती कापड अंथरा आणि सगळी उघडझाक परातीच्या काठाच्या आत करा. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत स्प्रिंगा अडकतात. कूलरची हवा टेबलाकडे येत असेल तर कामापुरता बंद. नागपूरच्या मे महिन्यात हे सोपं नाही हे मला माहीत आहे, म्हणून बारीक भागांचं काम पहाटे उरका. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, आणि काढलेले भाग काढल्या क्रमाने औषधांच्या आठवड्याच्या डबीतल्या खणांत ठेवत जा. पुढच्या-मागच्या कपलरचे भाग कधीही एका खणात नकोत.

खर्चाचं म्हणाल तर ते परिस्थितीवर आहे. बाहेरून एक स्प्रिंग मागवली तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून स्प्रिंगच्या किमतीच्या कितीतरी पट होतं, म्हणून एका भागासाठी पार्सल कधीच मागवू नये. कपलर, स्प्रिंगांचं पाकीट, २-५६ चे स्क्रू आणि लागलंच तर चक्र अशी यादी करा, शहरातल्या आणखी दोघा-तिघांना विचारा आणि एकत्र मागवा. त्याच चासीचं बंद पडलेलं इंजिन कुणी स्वस्तात विकत असेल तर तेही घ्यायला हरकत नाही. त्यातून निघणारे चांगले भाग सुटे घ्यायचे म्हटले तर त्याहून महाग पडतात. चासीचा नंबर बहुधा खालच्या झाकणावर किंवा इंधनटाकीच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. तो, मागच्या कपलरच्या स्क्रूचा व्यास आणि शाबूत बफरच्या चकतीचं माप इथं लिहा, आणि मागवायच्या भागांचे नंबर मी पाहून सांगतो. तोवर कापून बसवलेली ती स्प्रिंग काढून ठेवा आणि डबे मागच्या कपलरला जोडून चालवा, अर्थात हरवलेली स्प्रिंग आणि स्क्रू इंजिनाच्या पोटात नाहीत याची खात्री झाल्यावरच.